‘बोन मॅरो झालंय, जवळ जाऊ नका’ हे अर्धंच खरं

जळगाव-धुळ्याकडे समज पक्का आहे: बोन मॅरो ट्रान्सप्लांट (रक्त तयार करणाऱ्या निरोगी पेशी शरीरात सोडण्याचा उपचार) झालेल्याला एकटं ठेवायचं, ताट दाराशी सरकवायचं. चूक. टाळायची ती भेटायला येणारी गर्दी आणि सर्दी-खोकल्याचा माणूस, मग तो सख्खा मामा का असेना. सोबतीला ठरलेलं, निरोगी माणूस हवंच. दात्याच्या पेशी घेतल्या असतील तर पहिले 100 दिवस फार नाजूक. गोळ्यांच्या वेळा, हात धुणं, ताजं शिजवलेलं जेवण हे सगळं हा सोबतीचा माणूसच पाहतो. ताप 38 अंश सेल्सिअसला पोचला की सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. तोंड आलेल्याला झणझणीत भरिताचा आग्रह नको (आपल्याकडे तो होतोच!). शेजारी बसून बोललात तरी भीती हलकी होते. सोबत करणाऱ्यालाही आळीपाळीने झोप मिळू द्या.