धूर, ऊन आणि कॅमेरा : वाफेच्या इंजिनांच्या फोटोंमागची गोष्ट

वाफेच्या इंजिनाचा फोटो म्हटला की एक ठरलेली चौकट डोळ्यांपुढे येते. तिरके, आपल्याच रोखाने येणारे इंजिन, फोटो काढणाऱ्याच्या पाठीकडून आलेले ऊन, चाके नि दांडे लख्ख उजळलेले आणि वर धुराचा लोट. ही चौकट जुन्या काचेच्या प्लेटांनी घालून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधली हौशी मंडळी धावत्या गाड्या टिपू लागली तेव्हा प्लेटा फार मंद होत्या. गाडी समोरून आडवी गेली की नुसता फराटा उमटायचा. तीच गाडी तिरकी येत असली तर प्लेटवर तिची प्रतिमा कमी सरकते आणि चित्र बरे येते. ऊन पाठीशी हवे, कारण काळ्या इंजिनाच्या चाकांपर्यंत उजेड पोचला नाही तर तिथले काहीच दिसत नाही. पुढे फिल्म वेगवान झाली, कॅमेरे हातात मावू लागले, पण ही चौकट टिकली ती टिकलीच.

या छंदाला खरा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. इयन अ‍ॅलन हा सदर्न रेल्वेचा तरुण कारकून लंडनला वॉटर्लूच्या कचेरीत होता. इंजिनांची चौकशी करणाऱ्या पत्रांना उत्तरे देऊन देऊन तो कंटाळला आणि १९४२ मध्ये त्याने इंजिनांच्या नंबरांची एक छोटी पुस्तिकाच काढली. ती हातोहात खपली. मग शाळकरी पोरे फलाटाच्या टोकाला उभी राहून दिसेल त्या इंजिनाच्या नंबरावर खूण करू लागली. तीच पोरे मोठी होऊन कमावती झाली, गळ्यात कॅमेरे आले, आणि नेमकी तेव्हाच इंजिने भंगारात निघाली. ब्रिटिश रेल्वेचे शेवटचे वाफेचे इंजिन, ‘इव्हनिंग स्टार’, १९६० मध्ये तयार झाले आणि १९६५ मध्ये सेवेतून काढलेही गेले. ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूल–कार्लाइल ही निरोपाची गाडी धावली. तिकीट होते १५ गिनी, म्हणजे तेव्हा चांगलीच मोठी रक्कम, तरी गाडी भरली आणि रुळांच्या कडेला माणसांच्या रांगा लागल्या.

त्यानंतर या मंडळींनी मोर्चा वळवला तो भारत, चीन, दक्षिण आफ्रिकेकडे. आपल्याकडे तेव्हा वाफेचा संसार जोरात होता. गोल नाकाची, त्यावर चांदणी रंगवलेली डब्ल्यूपी इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली. १९६७ पर्यंत अशी ७५५ बनली आणि नावाजलेल्या मेल-एक्स्प्रेस त्यांनी ओढल्या. मालगाड्यांसाठी डब्ल्यूजी होती. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० मध्ये बाहेर पडलेले पहिले इंजिन, ‘देशबंधू’, याच जातीचे. १९७० मधल्या शेवटच्या डब्ल्यूजीचे नाव ‘अंतिम सितारा’. १९७२ मध्ये मीटरगेजचे एक इंजिन बनवून चित्तरंजनने वाफेचे काम कायमचे थांबवले.

या सगळ्याचे चांगले फोटो पाहायला गेलात तर त्यांतले पुष्कळ परदेशी पाहुण्यांनी काढलेले निघतात. स्टेशनात, यार्डात, पुलावर फोटो काढायला परवानगी लागे. परदेशी माणूस रेल्वे बोर्डाचे पत्र खिशात ठेवून यायचा, गावातल्या हौशी मुलाला मात्र पोलिसाने हटकले की विषय संपला. शिवाय कॅमेरा आणि फिल्म ही सामान्य घराला न परवडणारी चैन होती. त्यामुळे आपल्या आठवणी राहिल्या त्या शिट्टीच्या, खिडकीतून डोके काढल्यावर डोळ्यात गेलेल्या कोळशाच्या कणाच्या. मला याची मनापासून हळहळ वाटते.

महाराष्ट्रात वाफ सगळीकडे सारखी टिकली नाही. मुंबई–पुणे घाटात विजेची इंजिने लवकर आली, १९३० ची डेक्कन क्वीन विजेवरच सुरू झाली. वाफ रेंगाळली ती आडबाजूला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पसरली. वारकऱ्यांच्या किती पिढ्या तिच्या डब्यांतून पंढरीला गेल्या. विदर्भात कापसासाठी टाकलेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर, म्हणजे आपल्या शकुंतलेवर, १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले इंजिन १९९४ पर्यंत राबत होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये, जालंधर–फिरोजपूर मार्गावर ब्रॉडगेजची शेवटची नियमित वाफेची गाडी धावली.

धुराबद्दल सांगितलेच पाहिजे. फोटोतला तो दाट काळा लोट हे खरे तर वाईट कामाचे लक्षण. कोळसा पुरता जळत नाही, फुकट जातो, तेव्हा धूर काळा होतो. कसलेला फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारा माणूस, ढेकळे फोडून, पातळ थरात, भट्टीभर सारखा कोळसा पसरे. उघड्या झाकणातून क्षणभर ज्वाळेचा रंग पाहायचा, कोळशाच्या थरात कुठे भोक पडलेय ते हेरायचे आणि फावडे नेमके तिथे रिकामे करायचे. त्याच्या धुराड्यातून फिकट राखी धूर निघे. काळा धूर दिसला की फायरमनला बोलणी बसत. आज खास फोटोसाठी इंजिन चालवतात तिथे मुद्दाम जास्त कोळसा घालून तो लोट काढला जातो. पांढरा लोट हवा असेल तर थंडीतली पहाट गाठावी, हवा गार असली की वाफेचे ढग होतात आणि ते चांगले रेंगाळतात.

जपणूकही झाली आहे. १८५५ चे ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर आले, हरियाणातल्या रेवाडीच्या जुन्या इंजिन-शेडमध्ये आजही इंजिने पेटवली जातात, नेरळला माथेरानचे इंजिन उभे आहे. पण भट्टीपुढे घामाने निथळणारा फायरमन आणि इंजिनाखाली शिरलेला खलाशी, म्हणजे शेडमधला मदतनीस कामगार, फार थोड्या फोटोंत दिसतात. असे फोटो असलेच तर दौंड, कुर्डूवाडी, मूर्तिजापूरच्या रेल्वे कुटुंबांच्या ट्रंकांमध्ये असतील : निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून इंजिनापुढे काढलेले. या फोटोंच्या मागच्या बाजूला इंजिनाचा नंबर, शेडचे नाव आणि उभ्या माणसांची नावे आत्ताच लिहून घ्यायला हवीत. १९९५ मध्ये चाळिशीत असलेले ड्रायव्हर आज सत्तरीत आहेत.