अनहायड्रोसिस : घोड्याचा घाम आटणे

मेहनतीनंतर घोड्याला पुरेसा घाम न येणे किंवा मुळीच न येणे म्हणजे अनहायड्रोसिस. उष्ण आणि दमट हवेत हा विकार जडतो, त्यामुळे मुंबईत घोडा पाळणाऱ्याने तो ओळखलाच पाहिजे. परदेशातून आणलेल्या घोड्यांप्रमाणे तो इथे जन्मलेल्यांनाही होतो.

घोडा शरीरातली बहुतेक उष्णता घामावाटे बाहेर टाकतो. कडक दौडीत तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो. मुंबईत तो अंगावरून निथळतो, पण सुकत नाही. अंग गार होत नाही, घाम आणणाऱ्या ॲड्रेनलिन या संप्रेरकाचा इशारा चालूच राहतो आणि घर्मग्रंथी त्याला दाद देईनाशा होतात, असे मानले जाते.

सुरुवातीला अनेकदा घाम उलट जास्त येतो आणि घोडा रपेटीनंतर बराच वेळ धापा टाकतो. मग लगाम घासतो तिथला आणि मांड्यांमधला पांढरा फेस दिसेनासा होतो. शेवटी ओल उरते ती आयाळीखाली, खोगिराखाली आणि काखेत, म्हणून मोतद्दाराने खोगीर उतरवताच आधी तिथे हात घालून पाहावे. पुढे चेहऱ्यावरचे केस विरळ होतात, कातडीला कोंडा येतो, चंदी उरू लागते. विश्रांतीत घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. सावलीत अर्धा तास उभा राहूनही नाकपुड्या फुललेल्या, अंग कोरडे आणि तापमान ४० च्या वर असेल, तर डॉक्टरांना बोलवावे. पावसाळ्यानंतर माश्यांमुळे पसरणारा सर्रा आणि फुप्फुसाचे आजार यांतही ताप व धाप दिसते; ते आधी तपासावे लागतात. निदानासाठी मानेच्या कातडीत टर्ब्युटॅलिन या घाम आणणाऱ्या औषधाची चढत्या क्रमाने पातळ केलेली द्रावणे टोचतात. निरोगी घोड्याला सर्वांत पातळ द्रावणाच्या जागीही घाम फुटतो.

तापलेल्या घोड्यावर नळाचे पाणी सर्वांगावर सतत ओतत राहावे, वर पंखा लावावा. गरम स्नायूंवर गार पाणी पडले की ते आखडतात, हा तबेल्यातला समज निराधार आहे. पाठीवर ओले पोते टाकणे मात्र घातक: ते काही मिनिटांत तापते आणि उष्णता कोंडून ठेवते. पाणी थांबवल्यावर अंगावरचे पाणी निपटून काढावे. प्यायला पाणी हवे तेवढे द्यावे.

तापमान फॅरनहाइटमध्ये घेऊन त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळवायची आणि बेरीज १५० च्या वर गेली की जपून, १८० ला काम बंद, असा ठोकताळा रायडिंगमध्ये वापरतात. मुंबईत मे महिन्यात तो फसवा ठरतो. पहाटे २८ अंश सेल्सिअस म्हणजे ८२ फॅरनहाइट आणि आर्द्रता ८५ टक्के असली की बेरीज १६७ होते. दुपारी ३४ अंश म्हणजे ९३ आणि आर्द्रता ६० टक्के असली की १५३. म्हणून दुपार बरी असे नव्हे, कारण या हिशेबात ऊन धरलेलेच नाही. काम पहाटेच करावे, पण तेही आखूड.

खात्रीचे औषध नाही. टायरोसिन हे अमिनो आम्ल असलेली पूरके आणि बिअर अनेक जण देतात, पुरावा तोकडा आहे. ५०० किलोच्या घोड्याला रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ लागते. घाम गाळणाऱ्याला याच्या दुप्पट, पण ज्याचा घामच आटला आहे त्याला जादा मीठ कोंबून उपयोग नाही. दाट केस कातरावेत. श्वासनलिका रुंदावणारे क्लेनब्युटेरॉल दीर्घकाळ देणे टाळावे. ते ॲड्रेनलिनचा इशारा टिपणाऱ्या घर्मग्रंथींच्याच ग्राहींवर काम करते.

सर्वांत भरवशाचा उपाय हवाबदल. १८८३ पासूनच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा हंगाम हिवाळ्यात असतो आणि पावसाळ्यात शर्यती पुण्यात होतात. खाजगी घोड्यांनाही मे-जूनमध्ये घाटावर ठेवणे हिताचे. तिथे घाम पुन्हा सुरू होणारा घोडा मुंबईत परतल्यावर पुन्हा कोरडा पडू शकतो, म्हणून त्याला थंडी पडल्यावरच आणावे आणि पहिले दोन आठवडे फक्त चालवावे किंवा हलक्या दुडकीवर ठेवावे.