रीइश्यू गिटार

रीइश्यू गिटार : एखाद्या कंपनीने पूर्वी, बहुधा १९५० ते १९७५ या काळात, बनवलेले इलेक्ट्रिक गिटारीचे मॉडेल त्याच कंपनीने एका ठरावीक वर्षाची मापे, लाकूड आणि वायरिंग धरून पुन्हा बाजारात आणले, की त्याला रीइश्यू म्हणतात. दुसऱ्या कंपनीने बनवलेली तशीच गिटार ही नक्कल असते, आणि जुने नाव ठेवून आत नवे भाग बसवलेली गिटार ही चालू मॉडेल असते. रीइश्यू ओळखायची खूण म्हणजे वर्ष. म्हणूनच जाणता वादक ‘स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार) कोणती?’ असे विचारत नाही, ‘सत्तावन्नची की बासष्टची?’ असे विचारतो.

खानदेशात लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा, कॉलेजांतले बँड, नवापूर-नंदुरबारकडच्या चर्चमधले गायनवृंद आणि घरगुती स्टुडिओत ध्वनिमुद्रित होणारी अहिराणी गाणी, या सगळ्यांत इलेक्ट्रिक गिटार वाजते. १९६०-७० च्या दशकांतल्या हिंदी चित्रपटसंगीतातला गिटारचा स्वच्छ, टणत्कारी आवाज इथल्या वादकांच्या कानात रेडिओमुळे बसलेला आहे. रीइश्यूची ओढ बऱ्याच अंशी त्या आवाजाची आहे. मात्र ही गिटार जुन्या आवाजाबरोबर जुन्या अडचणीही घेऊन येते, आणि खानदेशच्या हवेत त्यांतल्या काही वाढतात.

उगम : फेंडर आणि गिब्सन या दोन अमेरिकी कंपन्या. फेंडरची टेलिकास्टर (आधीचे नाव ब्रॉडकास्टर) १९५०-५१ मध्ये आली, स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये. गिब्सनची लेस पॉल १९५२ ची. १९५७ पासून तिच्यावर सेथ लव्हर यांनी रचलेले दुहेरी कॉइलचे हंबकर पिकअप (पिकअप म्हणजे तारांचा कंप टिपून विजेत बदलणारा चुंबक व कॉइलचा भाग) बसू लागले. १९५८ ते १९६० या काळात निघालेल्या सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडेला गडद) रंगाच्या लेस पॉल अंदाजे दीड हजारच आहेत. त्या वेळी त्यांना फारशी मागणी नव्हती. १९६१ मध्ये गिब्सनने तो आकारच बदलला. पुढे एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्या ब्रिटिश ब्लूज वादकांनी तीच गिटार मोठ्या आवाजाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवली, मागणी उसळली आणि १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा काढावी लागली. मात्र तिची मापे जुन्या गिटारीशी नेमकी जुळत नव्हती.

फेंडर कंपनी १९६५ च्या सुरुवातीला सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्यानंतर हेडस्टॉक (खुंट्या बसवलेला टोकाचा भाग) मोठा झाला, लाखेच्या लेपाच्या जागी जाड पॉलिएस्टर आले आणि १९७१ पासून स्ट्रॅटचा नेक (दांडा) चारऐवजी तीन स्क्रूंवर बसू लागला. ‘सीबीएसपूर्व’ गिटारीला जो मान आहे तो या बदलांमुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टोकाई, ग्रेको या जपानी नावांखाली जुन्या अमेरिकी गिटारींच्या इतक्या काटेकोर नकला निघाल्या, की मूळ कंपनीला स्वतःचाच इतिहास मोजपट्टी लावून तपासणे भाग पडले. १९८२ मध्ये फेंडरने ५२ ची टेलिकास्टर आणि ५७ व ६२ च्या स्ट्रॅटोकास्टर रीइश्यू म्हणून आणल्या. त्याच वर्षी फेंडर जपान स्थापन झाली आणि तिथल्या गिटारी फुजिजेन कारखान्यात बनू लागल्या. खऱ्या अर्थाने रीइश्यूची परंपरा इथून धरावी. १९९५ मध्ये फेंडरच्या कस्टम शॉपने मुद्दाम झिजवलेल्या ‘रेलिक’ गिटारी काढल्या.

जुने म्हणजे नेमके काय : बोटांना सर्वांत आधी कळतो तो फ्रेटबोर्डचा, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्या (फ्रेट) बसवलेल्या फळीचा, गोलावा. जुन्या फेंडरचा गोलावा ७.२५ इंच त्रिज्येचा, म्हणजे बराच फुगीर. बऱ्याच आधुनिक फेंडर ९.५ इंचाच्या असतात, गिब्सन १२ इंचाच्या. फुगीर बोर्डावर बॅरे कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवे दाबून धरायची) धरायला हात थकत नाही. पण बाराव्या फ्रेटच्या पुढे बारीक तार दीड-दोन स्वर ओढली, की ती बोर्डाच्या मधल्या उंचवट्यावरच्या फ्रेटला टेकते आणि आवाज बसतो. हा बिघाड नाही, भूमितीचाच परिणाम आहे. तारांची उंची थोडी वाढवणे हा साधा उपाय. उंची ठेवायची नसेल तर फ्रेट काढून बोर्ड वरच्या बाजूला सपाट करावा लागतो, आणि मग ती ५७ ची गिटार राहत नाही.

दुसरी गोष्ट पिकअपची. जुन्या स्ट्रॅटच्या पिकअपमधले सहा चुंबक कमीजास्त उंचीचे असतात, कारण त्या काळी तिसरी तारही बारीक तारेने गुंडाळलेली असे आणि तिचा आवाज कमी पडे. आज १०-४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) संचात तिसरी तार साधी १७ ची असते, त्यामुळे ती बाकीच्यांवर ओरडते. अनेक जण तो चुंबक खाली दाबायला जातात. जुन्या पद्धतीत तांब्याची केसासारखी तार थेट चुंबकांभोवती गुंडाळलेली असते. चुंबक हलला की ती तुटते आणि पिकअप मुका होतो. तो चुंबक हलवू नये. आवाजाचा असमतोल खटकत असेल तर सपाट चुंबकांचा पिकअप घ्यावा.

सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी कॉइलच्या, पिकअपची घरघर हीसुद्धा जुन्या रचनेचा भाग आहे. आधुनिक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असल्याने पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या जागी घरघर थांबते. काटेकोर रीइश्यूत तो तसा नसतो, म्हणून तिथेही ती चालूच राहते. मुळात जुन्या स्ट्रॅटला स्विचच्या तीनच जागा होत्या. पाच जागांचा स्विच १९७७ चा. भारनियमनात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालवला तर घरघरीत तीक्ष्ण किरकिर मिसळते. साइन वेव्ह इन्व्हर्टर, अर्थिंग तपासलेला सॉकेट आणि रंगमंचावरच्या डिमर दिव्यांपासून अंतर या तीन गोष्टी पिकअप बदलण्याआधी कराव्यात.

५७ च्या धर्तीच्या हंबकरला घरघर नसते, पण त्यात मेण भरलेले नसते. कॉइलची वेढी सुटी कंप पावतात. त्यामुळे आवाजाला एक हवेशीर मोकळेपणा येतो, आणि मांडवातल्या मोठ्या मॉनिटर स्पीकरसमोर तोच पिकअप शिट्टी घालतो. आधी उभे राहण्याची जागा बदलून पाहावी. मेण भरायचेच असेल तर पॅराफिन चार भाग व मधमाशीचे मेण एक भाग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे आणि ६५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. जुन्या धर्तीचे प्लॅस्टिकचे बॉबिन जास्त उष्णतेने वाकते. भरलेले मेण पुरते निघत नाही.

जुने मुठीएवढे जाड नेक, ४२ मिलिमीटरचा नट (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी), खाच असलेल्या खुंट्या, टेलिकास्टरचे तीन पितळी सॅडल (बुडाच्या बाजूला तारा टेकतात ते भाग) हे सगळे यात येते. एका सॅडलवर दोन तारा असल्याने टेलिकास्टर प्रत्येक तारेवर सुरात पूर्ण बसत नाही. दोहोंच्या मध्ये तडजोड करावी लागते. तरीही त्या पितळेचा भरीव ठणका इतका आपलासा वाटतो, की बरेच वादक ही तडजोड आनंदाने करतात.

लाकूडही बदललेले आहे. १९५९ नंतरच्या जुन्या फेंडरचा रोझवूड बोर्ड ब्राझिलियन होता. त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत, म्हणून नेहमीच्या रीइश्यूत भारतीय रोझवूड, म्हणजे आपला शिसव, सापडतो. खानदेशातल्या जुन्या घरांत शिसवी पलंग आणि देव्हारे ज्याने पाहिले आहेत त्याला या लाकडाचा चिवटपणा सांगायला नको.

खरेदी : जळगाव, धुळे, भुसावळ इथल्या दुकानांत वरच्या श्रेणीतल्या रीइश्यू सहसा हाती घेऊन पाहायला मिळत नाहीत. वादक मुंबई, पुणे, सुरत किंवा इंदूर गाठतो, नाहीतर कुरिअरने मागवतो. न वाजवता मागवायची तर तपशीलपत्रात चार गोष्टी वाचाव्यात : बोर्डाची त्रिज्या, फ्रेटची जाडी, रंगाचा प्रकार आणि ट्रस रॉडची (नेकचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईची) जुळवणीची जागा. फेंडरच्याच स्वस्त नाममुद्रेच्या, स्क्वायरच्या, क्लासिक व्हाइब मालिकेतल्या (२००८ पासून) गिटारी दिसायला पन्नाशी-साठीतल्या असतात, पण त्रिज्या ९.५ इंच आणि रंग पॉलीचा. फेंडरच्या मेक्सिकोत बनणाऱ्या व्हिन्टेरा मालिकेत ७.२५ इंचाचा बोर्ड मिळतो. २०२२ च्या अमेरिकन व्हिन्टेज टू मध्ये तर मापे आणि रंगही त्या-त्या वर्षाला धरून आहेत. लग्नाच्या हंगामात रोज रात्री वाजवणाऱ्याला यांतली पहिलीच जास्त उपयोगी पडते, हे स्पष्ट सांगायला हवे.

सुटे भाग मागवतानाही वर्ष लक्षात ठेवावे. जुन्या खुंट्यांचे भोक सुमारे ८.८ मिलिमीटर, आधुनिकांचे १० मिलिमीटर असते. सॅडलच्या बारीक स्क्रूला ०.०५० इंचाची अ‍ॅलन की लागते. दीड मिलिमीटरची आत जात नाही आणि सव्वा मिलिमीटरची कडा घासून टाकते.

जुळवणी : जुन्या धर्तीच्या फेंडरमध्ये ट्रस रॉडचा फिरवायचा नट नेकच्या बुडाशी असतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तारा सैल कराव्यात, म्हणजे त्या खुंट्यांवरून सुटत नाहीत. चार स्क्रू काढून नेक उचलावा, नट पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, नेक परत बसवून सूर लावून मोजावे. पहिली व शेवटची फ्रेट दाबून आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत ०.३ मिलिमीटर फट असावी. हा रॉड एकाच दिशेने काम करतो : तारांच्या ओढीने पुढे आलेला नेक तो मागे खेचतो. मागे वाकलेल्या नेकला तो पुढे ढकलत नाही. तेव्हा नट सैल करून जाड तारा लावणे एवढेच हाती असते. ७.२५ इंचाच्या बोर्डावर सतराव्या फ्रेटपाशी जाड तार २ मिलिमीटर, बारीक तार १.६ मिलिमीटर उंच ठेवावी. पिकअप शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर दूर. याहून जवळ आणल्यास चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर एका स्वरात दोन स्वर ऐकू येतात. वादक सुरासाठी सॅडल फिरवत बसतो, चूक पिकअपच्या उंचीत असते.

खाच असलेल्या खुंटीत तारेचे टोक मधल्या भोकात उभे घालायचे असते. तार खुंटीच्या पुढे सुमारे सात सेंटिमीटर ठेवून आधी काटकोनात वाकवावी आणि मगच कापावी. उलट क्रमाने केल्यास जाड तारेचे वेढे उलगडतात आणि तार निर्जीव वाजते.

हवामान आणि निगा : नायट्रोसेल्युलोज लाख पातळ असते. अचानक तापमान बदलल्यास तिला उभ्या-आडव्या बारीक भेगा पडतात. मे महिन्यात एसी डब्यातून उतरून ४४ अंशांच्या फलाटावर आलेली गिटार घरी पोचल्यावर लगेच उघडू नये. केस बंद ठेवून रात्रभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. उन्हात उभ्या बंद मोटारीत तर ती ठेवूच नये. सरसाने जोडलेल्या महागड्या गिब्सन रीइश्यूचा सांधा त्या उष्णतेने मऊ पडू शकतो.

खानदेशातला खास धोका कूलरचा. बाहेर कोरडी लू आणि खोलीत कूलरची दमट झोत. दिवसा ओलसर, वीज गेली की कोरडी, अशी हेलकावे खाणारी हवा नेकला सोसत नाही. गिटार कूलरच्या झोतात भिंतीवर टांगू नये. केसमध्ये ठेवून आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखावी. मार्च-एप्रिलमध्ये बोर्ड आकसून फ्रेटची टोके बोटांना टोचू लागली तर ती लगेच घासू नयेत, आधी आर्द्रता पूर्ववत करून आठवडाभर वाट पाहावी. पावसाळ्यात नेकचा बाक पुन्हा मोजावा.

स्टँडचा रबर लाखेशी रासायनिक क्रिया करून चिकट डाग पाडतो. त्यावर जुन्या सुती धोतराची पट्टी गुंडाळली की काम भागते. स्ट्रॅटचे पत्र्याचे वाकवलेले सॅडल घामाने गंजतात. वाजवून झाल्यावर पुसावेत आणि महिन्यातून एकदा त्यांच्या स्क्रूंना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने द्यावा. लेस पॉलचा हेडस्टॉक १७ अंशांत मागे कललेला असतो आणि ट्रस रॉडच्या खाचेपाशी महोगनी उरते ती थोडीच. एसटीच्या टपावर किंवा डिकीत नेताना केसमध्ये हेडस्टॉकखाली नव्हे, नेकखाली घडी घातलेले कापड ठेवावे. हेडस्टॉक अधांतरी राहिला तर धक्का त्याच्यावर बसत नाही.