वाचन-अक्षमता (मराठी वाचणाऱ्या मुलांमधील)

बुद्धी, दृष्टी व श्रवण ठीक असून आणि शिकण्याची पुरेशी संधी मिळूनही मुलाला शब्द अचूक व सहज वाचता न येणे, म्हणजे वाचन-अक्षमता किंवा डिस्लेक्सिया. ती मेंदूच्या जडणघडणीतून येते, अनेकदा घराण्यात चालत आलेली असते. ‘लक्षच देत नाही’ म्हणून तेच पान दहा वेळा लिहायला लावणे हा अन्याय आहे. त्याने वाचन सुधारत नाही.

मराठी बोलतो तशीच लिहितात, म्हणून मराठी माध्यमात ही अडचण नसते, हा समज मुलांना महागात पडतो. अशी मुले पुष्कळदा बरोबर वाचतात, पण इतकी सावकाश की वाक्य संपेतो त्याची सुरुवात निसटलेली असते. लिहिताना अडचण उघडी पडते. ‘किती’मधली ऱ्हस्व वेलांटी क-च्या आधी दिसते, उच्चारायची नंतर, ‘सूर्य’मधला रफार ऐकू येतो य-च्या आधी, बसतो त्याच्या डोक्यावर. ‘गंगा’, ‘चंपा’, ‘संवाद’ यांत अनुस्वाराची खूण एक, उच्चार तीन.

घरी वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत अडखळले, तर ती अक्षमता ठरवण्याची घाई करू नये. त्याला आधी मराठी ऐकायला-बोलायला मिळाली पाहिजे.

मदतीची सुरुवात कानापासून होते : ‘कमळ’मधला क काढला तर काय उरले? असे तोंडी खेळ रोज थोडा वेळ घ्यावेत. मग सबंध बाराखडी पाठ न करवता मोजकी अक्षरे व एखाद-दोन स्वरचिन्हे एकत्र शिकवावीत, म्हणजे अर्थ असलेले शब्द लगेच वाचता येतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अशा अक्षरगटांवर वाचन शिकवण्याची पद्धत रुजवली. जोडाक्षरे सर्वांत शेवटी, सुटी करून दाखवत घ्यावीत.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. इंग्रजी चाचणीवरून मराठी मुलाचे निदान करणे चूकच. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे, आणि वाचन-अक्षमता तिच्यातच मोडते. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण अडचण दुसरी-तिसरीतच दिसू लागते, आणि वर्गात वर सांगितलेले काम सुरू करायला शिक्षकाला कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.