पिशवी काढली, पण ओव्हऱ्यांचं काय झालं?

आमच्या मराठवाड्यात "माझी पिशवी काढलीय" हे बायका दाढ काढल्यासारखं सांगतात. लग्नात पंगतीला बसल्यावर, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा सांगते. पण त्यावर पुढचा प्रश्न विचारा, म्हणजे नुसती गर्भपिशवी काढली की सोबत ओव्हऱ्याही (बीजकोश) काढल्या, तर बहुतेक जणी गप्प होतात किंवा म्हणतात काय माहीत बाई, डॉक्टरांनी सगळंच काढलं असेल. मी कॉलेजात बायॉलॉजी शिकवते आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही आधी सुचला नव्हता, माझ्या मावसबहिणीचं मनगट मोडेपर्यंत.

ताई शाळेत शिक्षिका आहे. अडतिसाव्या वर्षी तिच्या दोन्ही ओव्हऱ्यांत मोठ्या गाठी निघाल्या, कॅन्सरच्या नव्हत्या पण ऑपरेशन करावं लागलं आणि त्यात गर्भपिशवी आणि दोन्ही ओव्हऱ्या गेल्या. आठवड्याभरात अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप गेली, चिडचिड सुरू झाली, सगळ्यांनी सांगितलं होईल कमी हळूहळू, आणि ते झालंही थोडं कमी. मग एक्केचाळिसाव्या वर्षी न्हाणीघरासमोर पाय घसरला, तिनं हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, नुसतं उभ्या जागी पडलात ना, मग या वयात एवढ्यानं हाड मोडायला नको, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, करून या. डेक्सासाठी लातूरला जावं लागलं. कमरेच्या मणक्यांचा टी स्कोर आला उणे २.७. तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करून हा आकडा काढतात, उणे १ च्या खाली गेला की हाडं विरळ व्हायला लागलीत असं समजायचं, आणि उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. ताईचा एकच प्रश्न होता: "तीन वर्षं एक दिवस न चुकता कॅल्शियमची गोळी घेतली मी, मग ते कॅल्शियम गेलं कुठं?"

हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नाही, ते जिवंत असतं आणि त्याची डागडुजी रोज चालू असते. एका प्रकारच्या पेशी, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, जुनं हाड खरवडून काढतात, आणि दुसऱ्या, ऑस्टिओब्लास्ट, त्या खड्ड्यात नवीन हाड भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग असा दरवर्षी बदलला जातो. पाडकाम पटकन होतं, एका जागचं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, पण तीच जागा भरून यायला तीन-चार महिने लागतात, त्यामुळे पाडणाऱ्यांवर कुणाचं तरी लक्ष लागतं. बाईच्या शरीरात हे लक्ष ठेवायचं मोठं काम इस्ट्रोजेन हे मुख्यतः ओव्हऱ्यांत बनणारं हार्मोन करतं. पाडणाऱ्या पेशी तयार व्हायला जो रासायनिक निरोप लागतो तो इस्ट्रोजेन दाबून धरतं आणि तयार झालेल्या पेशी वेळेवर मरतील हेही बघतं. इस्ट्रोजेन गेलं की पाडणारे जास्त होतात, जास्त दिवस जगतात आणि जास्त खोल खणतात. बांधणारे बिचारे कामाला असतातच पण त्यांना गाठता येत नाही. आता यात कॅल्शियम म्हणजे फक्त विटा. विटा लागतातच, नसतील तर बांधकामच होणार नाही, पण पाडकाम सुसाट सुटलेलं असताना अंगणात नुसत्या विटा आणून ठेवल्या तर भिंत उभी राहत नाही. ताईचं तेच झालं.

आणि मनगट आणि मणकेच का आधी, तर हाडाचा आतला जाळीदार भाग सगळ्यात आधी झिजतो, कारण पाडणाऱ्या पेशींना तिथं काम करायला जागाच जास्त मिळते, आणि मणक्यात आणि मनगटापाशी हा जाळीदार भाग भरपूर असतो. झिजलेले मणके दबत गेले की माणसाची उंचीही कमी होते. खुब्याचं हाड बरंच नंतर मोडतं.

भारतात पाळी साधारण ४६-४७ ला जाते. त्याच्या आधी बरीच वर्षं इस्ट्रोजेन वरखाली होत होत कमी होतं, शरीराला थोडी सवय होते. दोन्ही ओव्हऱ्या काढल्यावर मात्र एका दिवसात सगळं बंद. पहिली काही वर्षं मणक्यातलं हाड वर्षाला २-३ टक्क्यांनी कमी होऊ शकतं. चाळिशीच्या आत पाळी गेली तर अकाली आणि ४० ते ४५ मध्ये गेली तर लवकर गेली असं डॉक्टर धरतात, ऑपरेशनशिवाय केमोथेरपी, रेडिएशन, काही ऑटोइम्यून आजार किंवा जन्मजात कारणांनीही असं होतं आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. हिशोब मात्र सगळ्यांचा सारखाच, जी बाई ३८ ला इस्ट्रोजेन गमावते तिची हाडं बाकीच्या बायकांपेक्षा आठ-दहा वर्षं जास्त त्याच्याशिवाय काढतात.

हे ज्ञान नवीन नाही. अमेरिकेत बॉस्टनमध्ये फुलर ऑलब्राइट नावाच्या डॉक्टरांनी १९४० च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं की हाडं ठिसूळ झालेल्या त्यांच्या पेशंट बहुतेक पाळी गेलेल्या बायका आहेत आणि त्यात ऑपरेशननं पाळी गेलेल्याही आहेत. मग १९७६ मध्ये ग्लासगोच्या रॉबर्ट लिंडसे यांनी ओव्हऱ्या काढलेल्या बायकांवरच अभ्यास केला, काहींना इस्ट्रोजेन दिलं, काहींना औषध नसलेली साधी गोळी, आणि दिसलं की इस्ट्रोजेन घेणाऱ्यांची हाडं टिकली. दोन वर्षांनी त्यांनीच पुढचं दाखवलं, की औषध थांबवल्यावर झीज पुन्हा भराभर सुरू होते. म्हणजे ताईसारख्या बाईचंच उत्तर शोधलं गेलं होतं, तेही पन्नास वर्षांपूर्वी.

तरी ताईनं गायनॅककडे "हार्मोन घेऊ का" विचारलं तेव्हा घरात सगळे घाबरले. माझ्या मावशीनं तर हातच जोडले, म्हणाली त्यानं कॅन्सर होतो, नको. ही भीती आली कुठून ते मला नीट सांगायचंय कारण या भीतीपायी खूप बायकांचं नुकसान झालंय.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला. त्यात १६,६०८ बायका होत्या, गर्भपिशवी असलेल्या, अर्ध्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची (कृत्रिम प्रोजेस्टेरॉनची) एकत्र गोळी, बाकीच्यांना साधी गोळी. ब्रेस्ट कॅन्सर वाढलेला दिसला, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. जगभर हेडलाइन झाल्या आणि लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या. आता आकडे बघा. वर्षाला १०,००० बायकांमागे ब्रेस्ट कॅन्सर साध्या गोळीवर ३० आणि हार्मोनवर ३८. खुब्याचं फ्रॅक्चर साध्या गोळीवर १५ आणि हार्मोनवर १०. म्हणजे धोका खरा होता, मी तो नाकारत नाहीये, पण हाडांचा फायदाही तितकाच खरा होता आणि तो बातम्यांत हरवला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या अभ्यासातल्या बायकांचं वय होतं ५० ते ७९, सरासरी ६३. त्रेसष्टाव्या वर्षी, शरीरात इस्ट्रोजेन बनणं थांबून दहा-बारा वर्षं झाल्यावर बाहेरून देणं वेगळं आणि ३८ व्या वर्षी जे अंगात असायलाच हवं होतं आणि अचानक काढून घेतलं ते परत देणं वेगळं. ताईच्या वयाची एकही बाई त्यात नव्हती तरी त्याची भीती तिच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात गर्भपिशवी काढलेल्या १०,७३९ बायका होत्या, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, पक्षाघात थोडा वाढला म्हणून तोही थांबवला, पण ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही आणि खुब्याची फ्रॅक्चरं इथंही कमी झाली. हे किती जणांनी ऐकलंय?

गायनॅक मॅडमनी मावशीला फार छान समजावलं. म्हणाल्या, "आजी, तुमची पाळी कितव्या वर्षी गेली? पन्नासाव्या ना? मग पन्नासपर्यंत तुमच्या अंगात जे होतं तेच मी हिला देतेय, जास्तीचं काही नाही." जागतिक मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की पाळी अकाली गेली असेल आणि हार्मोन न देण्याचं काही कारण नसेल तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत, साधारण पन्नासपर्यंत तरी द्यावं, आणि त्या वयाआधी घेतल्यानं ब्रेस्ट कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही. फक्त हाडांसाठी नाही, हृदयासाठीही, अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या अभ्यासात ४५ च्या आत दोन्ही ओव्हऱ्या काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू जास्त दिसले होते.

डोसमध्येही एक घोळ होतो. पन्नाशीच्या बाईला वाफांसाठी कमीत कमी डोस द्यायचा हा नियम तरुण बाईला लावला तर वाफा थांबतात पण हाडांना पुरत नाही. अकाली पाळी गेलेल्या बाईला हाडं सांभाळायची तर दिवसाला साधारण २ मिलिग्रॅम इस्ट्राडायोलची (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) गोळी किंवा १०० मायक्रोग्रॅमचा पॅच एवढं लागतं. गर्भपिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नुसत्या इस्ट्रोजेननं पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. पिशवी नसेल तर बहुतेकदा नुसतं इस्ट्रोजेन चालतं. पॅच किंवा जेल त्वचेतून थेट रक्तात जातं, गोळीसारखं आधी यकृतातून जात नाही, म्हणून गुठळ्यांचा धोका कमी, वजन जास्त असेल किंवा बीपी असेल तर डॉक्टर त्याचाच विचार करतात.

आणि ज्यांनी घेऊ नये त्यांनी खरंच घेऊ नये. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक झालाय, यकृताचा आजार चालू आहे, अंगावरून कारण न कळता रक्त जातंय, अशांनी दुकानातून परस्पर आणून तर अजिबात नाही. त्यांच्यासाठी हाडांची वेगळी औषधं आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी असते, ती उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. ती हाडात वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे चाळिशीच्या बाईला पहिल्यांदा तीच द्यायला डॉक्टर जरा थांबतात. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शनही आहे पण ते मध्येच सोडलं तर मणके पटापट मोडू शकतात, सोडायचं असेल तर दुसरं औषध लावूनच. बाकी नाचणी, तीळ, दूध, सकाळचं ऊन, चालणं, थोडं वजन उचलणं हे सगळं करायचंच, फक्त त्याला इस्ट्रोजेनची जागा द्यायची नाही.

आता पुन्हा पिशवीकडे येते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, तिच्यासमोर आकडा आला की ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली, म्हणजे सहातली एक. चाळिशीच्या आतल्या कितीतरी. उचल घेतलेली असते, पाळीत खाडा पडला की पैसे कापतात, फडात संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायची. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली ते चांगलंच झालं. पण ज्यांची आधीच काढली त्यांच्या हाडांचं काय, हे मला फारसं कुणी बोलताना दिसलं नाही. त्या बाईनं पुढच्या हंगामात पुन्हा डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं, आणि तेही झिजत चाललेल्या मणक्यांवर. ओव्हऱ्या ठेवल्या असतील तरी सुटका नसते, न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात नुसती पिशवी काढलेल्यांची ओव्हरी सरासरी ३.७ वर्षं लवकर थांबली होती. आणि पिशवीच नसल्यानं पाळी गेली हे कळायला काही खूणच नाही, आतून सगळं कधी बंद झालं ते बाईला समजतच नाही.

ताई वर्षभरापासून जेल लावते, रोज रात्री दंडाला, झोप परत आलीय, डेक्सा पुढच्या वर्षी पुन्हा करायचाय. दिवाळीनंतर तिच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी तिचं बोलणं निघालं. मावशी ४६ च्या, नऊ हंगाम ऊस तोडलेला, पिशवी तेहतिसाव्या वर्षी काढलेली. ताईनं तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर आलं, काय माहीत मॅडम. ताई म्हणाली दवाखान्याचा कागद असेल तर आणा. दुसऱ्या दिवशी मावशींनी पत्र्याच्या पेटीतून घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड आणलं. ऑपरेशनच्या रकान्यात शेवटी तीन इंग्रजी अक्षरं होती, बीएसओ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि ओव्हऱ्या काढल्या. तेरा वर्षं झाली होती आणि त्यांना हे पहिल्यांदा कळत होतं. पाठ दुखते का विचारलं तर म्हणाल्या ती तर दुखतेच. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मॅडम, दोन वर्षांपासून माझे परकर लांब व्हायला लागलेत, खोचून घ्यावे लागतात, मला वाटलं धुऊन ताणले."

येत्या शनिवारी दोघी लातूरला चालल्यात.