आणे बरोबर, पैसे चुकीचे: ॲपमधल्या अपूर्णांकांची पार्श्वभूमी

०.१ अधिक ०.२. जावा, कॉटलिन, पायथन, डार्ट, जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी कशातही ही बेरीज करून पडद्यावर टाका, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. खर्चाची नोंद ठेवणारं किंवा हॉटेलचं बिल वाटून देणारं पहिलंवहिलं ॲप लिहिणारा इथे एकदा तरी अडतोच. मग तो दोन दशांश स्थळांचं फॉरमॅटिंग लावतो, ०.३० दिसतं आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. खरं तर आतला आकडा होता तसाच आहे, फक्त त्यावर पडदा पडला आहे. संख्या साठवणं, राउंड करणं, दाखवणं आणि दुसऱ्या संख्येशी ताडून पाहणं ही चार वेगवेगळी कामं आहेत. त्यांचे नियमही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी ठरवले. नवशिक्याच्या बहुतेक चुका ही कामं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

आधी साठवण्याचं पाहू. यंत्राला फक्त अर्धं करता येतं: अर्धा, पाव, अर्धपाव, असं करत खाली. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी म्हणत हिशेब शिकलेल्या पिढ्यांचे सगळे अपूर्णांक याच घरातले आहेत आणि यंत्रात ते तंतोतंत बसतात. जुनं नाणंही तसंच. रुपयाचे १६ आणे, म्हणजे एक आणा ०.०६२५ रुपये, रुपयाचे ६४ जुने पैसे, म्हणजे एक पैसा ०.०१५६२५ रुपये. दोन्ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे यंत्राच्या ० आणि १ या दोनच अंकांत, अचूक लिहिता येतात. अडचण फक्त पैची, कारण रुपयाच्या १९२ पै होत आणि १९२ मध्ये ३ हा अवयव आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. माणसाला हिशेब सोपा झाला, पण १०० मध्ये ५ हा अवयव आहे आणि नुसतं अर्धं करत गेलं तर पाचवा भाग कधीच मिळत नाही. रुपयातल्या पैशांच्या १०० शक्यतांपैकी ०, २५, ५० आणि ७५ एवढ्याच यंत्रात अचूक उतरतात. उरलेल्या ९६ जवळपासच्या संख्येवर भागवाव्या लागतात. १० पैसे, म्हणजे ०.१, द्विमानात ०.०००११००११००११… असा न संपणारा अपूर्णांक होतो. तो कुठेतरी तोडावाच लागतो. साठवलेली किंमत खऱ्या ०.१ पेक्षा किंचित जास्त असते. अठराव्या दशांश स्थळी ५ उमटतो. असा ०.१ दहा वेळा मिळवला की उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं.

कुठे तोडायचं हे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापलं ठरवत असे. जर्मनीत कोनराड झूसेच्या १९४१ च्या झेड-३ यंत्रात २२ बिटांचे (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) द्विमान अपूर्णांक होते. आयबीएमच्या सिस्टम/३६० ने १९६४ मध्ये १६ चा पाया घेतला. एकच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर दोन उत्तरं देई. काही यंत्रांवर तर दोन अगदी लहान संख्या समान नसूनही त्यांची वजाबाकी शून्य येई. मग ‘समान नसतील तर फरकाने भागा’ असं काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्रॅमही कोसळे. बर्कलीचे प्राध्यापक विल्यम काहान यांनी हे थांबवण्याचा आग्रह धरला. १९८० मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या ८०८७ चिपमागे त्यांचं काम होतं आणि त्याच विचारांवर १९८५ चं आयट्रिपलई ७५४ हे मानक उभं राहिलं. ६४ बिटांत १ चिन्हाचा, ११ घातांकाचे आणि ५२ अपूर्णांकाचे. आज फोनमधला ‘डबल’ म्हणजे हेच. काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

या मानकात एक हमी आहे: दोन साध्या, सांत (म्हणजे अनंत नसलेल्या) संख्यांची वजाबाकी शून्य आली तर त्या समानच असतात, आणि समान असल्या तर ती शून्यच येते. म्हणून ‘== (समान आहेत का हे तपासणारं चिन्ह) वर विश्वास ठेवू नका’ हा नेहमीचा सल्ला अर्धाच खरा आहे. == चोख उत्तर देतं; आपण दिलेल्या दोन संख्याच वेगळ्या असतात. त्यावर उपाय म्हणून ‘एप्सिलॉन’ नावाचा तयार स्थिरांक, सुमारे २.२ गुणिले दहाचा उणे सोळावा घात, सर्रास वापरला जातो: फरक त्याहून कमी असेल तर संख्या समान मानायच्या. तो १ च्या आसपासच कामाचा आहे. २ च्या वर गेलं की शेजारशेजारच्या दोन डबलमधलं अंतरच त्याहून मोठं असतं, त्यामुळे ती तपासणी आणि == यांत काही फरक उरत नाही. रुपयांच्या रकमा ताडायच्या असतील तर फरक अर्ध्या पैशाहून, म्हणजे ०.००५ हून कमी आहे का ते पाहा. कोटीच्या रकमेलाही डबलमधलं अंतर रुपयाच्या अब्जांशाच्या दुप्पटीहून कमीच असतं, तेव्हा ही मर्यादा पुरते.

छापण्याची गोष्ट वेगळी आहे. जुन्या भाषा ठरावीक अंक छापत (सी मध्ये सांगितलं नाही तर दशांशानंतर सहा), त्यामुळे चूक दिसतच नसे. १९९० मध्ये गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी मांडलेली पद्धत अशी: परत वाचल्यावर तीच संख्या मिळेल असे कमीत कमी अंक छापायचे. पायथनने हे ३.१ आवृत्तीत, २००९ मध्ये स्वीकारलं; त्याआधी ०.१ लिहिलं की ०.१०००००००००००००००१ समोर येई. सतरा अंकी शेपूट दिसणं हा आजच्या भाषांचा दोष नाही, तो प्रामाणिकपणा आहे.

राउंडिंगमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ बरोबर मध्यावर होतो. २.५ चे ३ करायचे की २? शाळेत ३ शिकवतात. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्याचं कलम १७० हेच सांगतं: ५० पैसे किंवा अधिक असतील तर पूर्ण रुपया, कमी असतील तर सोडून द्या. पण प्रत्येक वेळी वरच गेलं तर हजारो नोंदींत बेरीज फुगत जाते, म्हणून आयट्रिपलई ७५४ मध्ये मूळ नियम ‘मध्यावर असेल तर सम अंकाकडे’ असा ठेवला. पायथन ३ मध्ये २.५ राउंड केला की २ मिळतो. ठोकळे जोडून ॲप बनवायच्या एमआयटीच्या ॲप इन्व्हेंटरमधला राउंडचा ठोकळाही सम अंकाकडेच जातो. जावात तर दोन्ही नियम एकाच घरात नांदतात: ०.१२५ दोन स्थळांपर्यंत स्ट्रिंग-फॉरमॅटने लिहिला तर ०.१३, डेसिमल-फॉरमॅटने लिहिला तर ०.१२. एकाच ॲपच्या दोन पडद्यांवर एका पैशाचा फरक दिसला तर आधी हे तपासा. जावास्क्रिप्टमध्ये १.००५ चे १.०० होतात याचं कारण मात्र दुसरं: साठवलेली संख्याच १.००५ पेक्षा किंचित कमी आहे, ती मध्यावर पोहोचतच नाही.

राउंड न करता नुसतं कापलं तर काय होतं, हे कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने दाखवून दिलं. जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झालेला निर्देशांक प्रत्येक व्यवहारानंतर नव्याने काढून तिसऱ्या दशांशानंतर छाटला जाई. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. दुरुस्त केल्यावर आला १०९८.८९२.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. फोनची भाषा मराठी असली की जावा-कॉटलिनचं फॉरमॅटिंग देवनागरी अंक देतं, कारण आंतरराष्ट्रीय भाषा-माहितीच्या साठ्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत. हिंदीचे मात्र इंग्रजी (1, 2, 3). दिसायला हे सुंदरच आहे. पण ॲपने ‘१२.५०’ असं लिहून तोच मजकूर परत डबलमध्ये वाचायला घेतला की ॲप बंद पडतं. गंमत म्हणजे पूर्णांक वाचणारं फंक्शन ‘१२’ बिनतक्रार स्वीकारतं, त्यामुळे चूक फक्त दशांश आल्यावर फुटते, आणि इंग्रजी फोनवर चाचणी करणाऱ्याला ती कधी दिसतच नाही. १२,३४,५६७ मधल्या स्वल्पविरामांनीही वाचन असंच अडतं. डेटाबेसमध्ये किंवा सर्व्हरकडे जाणारा मजकूर लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) ‘रूट’, म्हणजे कोणत्याच एका भाषेची नसलेली, ठेवून करावा. मराठी अंक आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम फक्त पडद्यावर लावावेत, आणि पुढचं गणित त्या मजकुरावरून नव्हे तर मूळ संख्येवरून करावं. मजकूर म्हणून ताडलं तर ‘९’ हा ‘१०’ पेक्षा मोठा ठरतो. जावास्क्रिप्टचं साधं सॉर्ट अजूनही क्रम तसाच लावतं.

पैशांसाठी द्विमान अपूर्णांक वापरू नयेत हे व्यापारी जगाला आधीपासून ठाऊक होतं. १९६० च्या सुमारास आलेल्या कोबोल या व्यापारी कामाच्या प्रोग्रॅमिंग भाषेमध्ये दशमान रकमांची सोय पहिल्यापासून आहे. जावाने १९९७ मध्ये १.१ आवृत्तीत बिगडेसिमल हा दशमान संख्यांचा प्रकार दिला. त्याला ०.१ डबल म्हणून दिलं तर ती अशुद्ध संख्या शेपटासकट आत जाते, म्हणून अवतरणात मजकूर म्हणून द्यावं. शिवाय त्याचं ‘इक्वल्स’ २.० आणि २.०० यांना वेगळं मानतं. ताडायला ‘कम्पेअर-टू’ वापरावं.

छोट्या ॲपला एवढंही लागत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. १०० रुपये तिघांत वाटायचे तर १०,००० ला ३ ने भागून भागाकार ३,३३३ आणि बाकी १. बाकीचा एक पैसा पहिल्या माणसाच्या वाट्याला घाला: ३३.३४, ३३.३३, ३३.३३. बेरीज पुन्हा बरोबर १०० रुपये येते, आणि इथे == निर्धास्त वापरता येतं.