बुटांचा वास आणि ओझोनची पेटी : बूट देण्याआधी एवढं वाचा
(हीच माहिती मागच्या बाजूला कन्नडमध्ये आहे.)

पावसाळा लागला की बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या दुकानात एकच तक्रार येते : "बूट धुतले, तरी वास जाईना." आणि लगेच, "ते ओझोन का काय, ते करून द्या की." करून देतो. पण त्यानं काय होतं आणि काय होत नाही, हे आधी कळलेलं बरं. पैसे तुमचे आहेत.

वास येतो कुठून

नुसत्या घामाला फारसा वास नसतो. दोन्ही पावलांत मिळून सुमारे २,५०,००० घामाच्या ग्रंथी असतात. बंद बुटात तो घाम वाळायला जागा नसते. मग कातडीवरचे जीवाणू कामाला लागतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जीवाणू घामातल्या ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतो. बुटाचा तो आंबूस भपकारा याचाच. ब्रेव्हिबॅक्टेरियम हा दुसरा जीवाणू मेलेल्या कातडीवर जगतो आणि गंधकाच्या वासाचा वायू सोडतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी करून आलेले सेफ्टी शूज, भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरांचे बूट, कणकुंबी-खानापूरकडून गाडीवर भिजत येणाऱ्यांची पायताणं, सगळ्यांचं दुखणं हेच. जुलैत ऊनच नसतं, बूट आतून ओलेच राहतात आणि वर बुरशीचा कुबट वास चढतो.

ओझोन काय करतो

हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत २ अणू असतात, ओझोनच्या रेणूत ३. पेटीतल्या यंत्रात उच्च दाबाच्या विजेतून हवा जाते, तेव्हा काही रेणू फुटून हा तिसरा अणू जोडला जातो. तो तिथं फार काळ टिकत नाही. जे समोर येईल त्याला धरतो. जीवाणूचं आवरण त्यानं फुटतं, गंधकाचा वास तर झटकन मोडतो. वायू असल्यामुळे तो बुटाच्या टोकापर्यंत, शिवणीच्या फटीत पोचतो. तिथं आमचा ब्रश जात नाही. उरलेल्या ओझोनचा पुन्हा ऑक्सिजन होतो, म्हणून मागे अत्तर किंवा पावडर राहत नाही.

आता जाहिरातीत न सांगितलं जाणारं सांगतो. आयसोव्हॅलेरिक आम्लावर ओझोन अतिशय सावकाश चालतो. ते पाण्यानं आणि साबणानंच निघतं. शिवाय बुटात मळ असेल, तर ओझोन मळावरच खर्ची पडतो आणि खालचे जीवाणू वाचतात. म्हणून न धुतलेला बूट आम्ही पेटीत घालत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

पहिल्यांदा सुकतळा बाहेर काढतो. टाचेखाली आणि अंगठ्याखाली काळपट, चिकट डाग बसलेला असतो. बराचसा वास तिथंच मुरलेला. तो पार सडला असेल तर नवा टाका असं सांगतो, कारण त्यावर ओझोनचा खर्च फुकट आहे. बूट धुऊन पंख्याच्या वाऱ्यावर वाळवतो. हीटर लावला तर चिकटवलेला तळ सुटतो. मग नाडी सैल करून, जीभ पुढे ओढून, तोंड उघडं ठेवून पेटीत. यंत्र थांबलं तरी दार लगेच उघडत नाही. आतला ओझोन विरू देतो.

पेटीत काय घालत नाही

नैसर्गिक रबराला ओझोन चिरा पाडतो, तेही जिथं रबर ताणलं किंवा वाकलेलं असतं तिथंच आधी. रबरी तळाचे कॅनव्हास बूट, जुने गमबूट, इलॅस्टिकच्या पट्ट्यांचे बूट आम्ही नुसते धुऊन देतो. गडद रंग फिका पडू शकतो, हे पावतीवरही लिहिलेलं आहे. आणि कोल्हापुरी कृपा करून आणू नका. अथणी-निपाणीकडच्या कारागिरानं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं; त्याला पाणीही सोसत नाही आणि ओझोनही नको. उघड्या चपलेला तेवढा वास येतही नाही.

घरी यंत्र घेणार असाल तर

ओझोन फुफ्फुसाला झोंबतो. अमेरिकेत कामगारांसाठी ८ तासांची मर्यादा हवेच्या १० लाख भागांत ०.१ भाग एवढीच आहे. झेरॉक्सच्या यंत्राजवळ येतो तसा तिखट वास खोलीत आला, तर यंत्र बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. नाक त्या वासाला सरावतं, म्हणून "आता येत नाही" यावर विसंबू नका. दम्याचा माणूस किंवा लहान मूल असलेल्या घरात हे यंत्र आणूच नये, असं आमचं मत आहे.

बूट स्वच्छ झाला तरी पाय तोच असतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील, तळव्याला बारीक खड्डे पडले असतील, किंवा मधुमेह असून जखम असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. एरवी बेचक्या पुसून कोरड्या करा, मोजे रोज बदला, एकच जोड सलग दोन दिवस घालू नका. रात्री बुटात चमचाभर खायचा सोडा टाकून सकाळी झाडला, तर आम्लाचा वास बराच उतरतो. हे केल्यावर पुष्कळांना आमच्याकडे यायची गरजच पडत नाही.

पावसाळ्यात दोन दिवस धरून चला. बूट वाळल्याशिवाय पुढचं काम होत नाही. फारच घाई असेल तर नवे सुकतळे टाकून न्या, ते उभ्या उभ्या होतं. मोजे मात्र बुटात ठेवून देऊ नका.